गल्ला निराळा, बटवा निराळा

दिवाळीच्या सुट्टीत दुपारची जेवणे आटोपली, फराळाच्या ताटल्या मधोमध आल्या, की मध्यमवर्गीय घरात एक विषय हमखास निघतो. कुणीतरी म्हणते, "नोकरीत आता राम राहिला नाही. आपलेच काहीतरी सुरू करावे." मग चकलीच्या तुकड्याबरोबर बेत रंगू लागतात. धाकट्या मेव्हण्याला छपाईचा धंदा सुचतो, वहिनींना पोळीभाजी केंद्र सुचते, निवृत्तीला टेकलेल्या काकांना एखादे छोटेसे दुकान सुचते. एवढ्यात कोपऱ्यातून आजी विचारते, "अरे, पण हिशेब कोण ठेवणार?" सारे घर हसते आणि बेत पुढे चालू राहतो.

आजीचा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हे शिकायला मला एकोणीस महिने लागले आणि त्याची फी सौ.ने भरली. ती हकीकत प्रांजळपणे सांगतो. एखाद्या घराचे तेवढे तरी पैसे वाचावेत, एवढाच हेतू.

बँकवाल्याचे दुकान

२००१ च्या सुमारास सरकारी बँकांतून स्वेच्छानिवृत्तीची लाट आली होती. त्या लाटेत मीही बाहेर पडलो. चोवीस वर्षे दुसऱ्यांचे हिशेब तपासण्यात गेली होती. तेव्हा दुकान चालवणे आपल्याला काय कठीण, अशी माझी ठाम समजूत! ठाण्यात एका शाळेच्या रस्त्यावर गाळा भाड्याने घेतला आणि त्या वर्षीच्या दसऱ्याला वह्या-पेन्सिलींचे दुकान थाटले. लक्ष्मीपूजनाला लाल कापडी बांधणीची नवी वही आणली. सौ.ने पहिल्या पानावर कुंकवाने स्वस्तिक काढले, मी 'श्री' आणि 'शुभ लाभ' लिहिले, आणि वही देव्हाऱ्याजवळच्या फळीवर ठेवली.

दुकान चालले नाही, असे कुणी म्हणू नये. शाळा सुटली की मुलांची झुंबड उडे. रात्री गल्ला उघडला की दोन-अडीच हजार रुपये हाताला लागत. त्याच नोटांतून घरी जाताना भाजी येई, मुलाच्या क्लासची फी जाई, मेव्हणीकडच्या बारशाचा आहेर होई. दुकान आपले, गल्ला आपला, घरही आपलेच. मग विचारायचे कुणाला?

पुढच्या वर्षीच्या लक्ष्मीपूजनाला सौ.ने तीच वही फळीवरून काढली. आत 'श्री' आणि 'शुभ लाभ' यांखेरीज एक अक्षर नव्हते. ती म्हणाली, "अहो, ही तर कोरीच आहे. लक्ष्मीला दाखवायचे तरी काय?"

मी म्हणालो, "अगं, सगळे डोक्यात आहे."

मार्च उजाडला आणि अब्दुल रहमान स्ट्रीटवरच्या घाऊक व्यापाऱ्याचे देणे थकले. जूनचा हंगाम तोंडावर आलेला. पण मागचे चुकते झाल्याखेरीज त्याने नवा माल द्यायचे नाकारले. त्यात त्याचे काही चुकले नाही. सौ.ने न बोलता हातातल्या चार बांगड्या काढून दिल्या. त्या गहाण टाकून आलेली रक्कम जुन्या देण्यातच गेली. मेअखेर दुकान दुसऱ्याच्या हवाली केले. बांगड्यांपैकी दोन पुढे सुटल्या. दोन सुटल्या नाहीत.

हिशेब सापडला तो असा

दुकान का बुडाले, हे शोधायला आम्ही दोघे एका रविवारी बसलो. माझी लाल वही कोरी होती. पण सौ.ची घरखर्चाची वही होती. तिने रोज रात्री तारीख घालून लिहिले होते: 'दुकानातून आणले – ४००.' व्यापाऱ्यांची बिले आणि तिची वही शेजारी ठेवून आम्ही बेरजा केल्या.

महिन्याची विक्री साधारण ६५,००० रुपये. माल वजा जाता हाती उरत १३,०००. त्यातून भाडे, पोऱ्याचा पगार आणि वीज मिळून ६,००० जात. म्हणजे दुकान महिन्याला ७,००० रुपये देत होते. आणि आम्ही घरी आणत होतो ११,०००!

वाचकहो, दुकान तोट्यात नव्हतेच. आम्हीच दर महिन्याला ४,००० रुपयांचा माल मांडणीवरून उतरवून ताटात वाढून घेत होतो. एकोणीस महिन्यांत ७६,००० रुपये. भांडवल असे खाल्ले गेले, आणि गल्ल्यात रोज नोटा दिसत असल्यामुळे कुणाला पत्ता लागला नाही.

तेव्हा पहिल्यांदा धंद्यात पडणाऱ्याने एकच गोष्ट घट्ट धरावी: गल्ल्यातला पैसा हा आपला पैसा नव्हे. त्यात घाऊक व्यापाऱ्याचा वाटा आहे, गाळेमालकाचा आहे, उद्याच्या मालाचा आहे. ते सारे गेल्यावर जो उरेल तेवढाच आपला.

मालकाने पगार घ्यावा

यावर उपाय सोपा आहे. पाळणे तेवढे अवघड. मालकाने स्वतःला पगार ठरवावा. महिन्याच्या ठरल्या तारखेला, ठरलेली रक्कम. एक रुपया अधिक नाही. सुरुवातीला ती रक्कम लाज वाटावी इतकी लहान असेल, तर असू द्यावी. म्हणूनच दुकानाची पाटी रंगवायला टाकण्यापूर्वी निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला काढून ठेवावा. ज्याच्या घरी चूल दुकानावर अवलंबून नाही, त्याचेच दुकान पहिले वर्ष तग धरते.

दुसरे, बँकेत धंद्याचे खाते वेगळे उघडावे. पूर्वी निदान दुकानाचा गल्ला आणि घरचा बटवा या डोळ्यांना दिसणाऱ्या दोन वस्तू होत्या. २०१६ मध्ये यूपीआय आल्यापासून गिऱ्हाईकाचे पैसे थेट मोबाइलमध्ये येतात, आणि त्याच खात्यातून विजेचे बिल, किराणा आणि मुलीच्या सहलीचे पैसे जातात. गल्ला आणि बटवा असे एकजीव झाले की महिनाअखेर कोणते पैसे कुणाचे, हे ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. तेव्हा दुकानात लावायची क्यूआर कोडची पाटी धंद्याच्या खात्याचीच असावी.

तिसरे, रोज रात्री रोजमेळ घालावा. सकाळची शिल्लक, दिवसाची विक्री, दिवसाचा खर्च, रात्रीची शिल्लक, एवढ्या चार ओळी. मुलाने दुकानातून एक वही उचलली, तरी ती 'घरची उचल' म्हणून लिहावी. दहा मिनिटांचे काम आहे. ते जो टाळतो त्याला पुढे दहा रविवार बसावे लागते.

चकलीचा हिशेब

घराकडे पैसा जातो तसा घरातूनही धंद्यात चोरपावलांनी पैसा येतो. तो तर दिसतही नाही. आमच्या शेजारच्या वहिनी दिवाळीत चकल्या करून विकतात. हात असा की एकदा घेतलेले गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही. पहिल्या वर्षी त्यांनी मोठ्या हौसेने मला हिशेब दाखवला. दहा किलो चकलीला भाजणी, तेल, मसाला मिळून १,७०० रुपये, गॅस २००, पिशव्या आणि डबे १५०, एकूण २,०५०. किलोला ३२० प्रमाणे विक्री ३,२००. "भाऊजी, एका दिवसात ११५० रुपये सुटले!"

मी विचारले, "मदतीला मावशी आल्या होत्या ना? त्यांना काय दिलेत?"

"पाचशे. ते घरखर्चातून दिले."

"डबे पोचवायला रिक्षा?"

"दीडशे. ते ह्यांनी दिले."

"मोडलेल्या चकल्या?"

"अर्धा किलो निघाल्या. घरी खाल्ल्या. गिऱ्हाइकांना दिली ती त्या जागी नवी करून."

त्या अर्ध्या किलोची किंमत धरली १६०. म्हणजे ११५० तून ८१० गेले, उरले ३४०. वहिनी सकाळी सातपासून संध्याकाळी पाचपर्यंत तळणीपुढे उभ्या होत्या. दहा तास, म्हणजे तासाला ३४ रुपये! वहिनी गप्प झाल्या. दुसऱ्या वर्षी त्यांनी आधी स्वतःची मजुरी धरली आणि मग भाव ठरवला. दोन-चार गिऱ्हाइके तुटली; पण उरलेल्या गिऱ्हाइकांत त्यांना पहिल्या वर्षीपेक्षा अधिक मिळाले आणि कंबरही शाबूत राहिली.

आपल्या बायकांना आपल्या श्रमाची किंमत लावायची सवय नसते. 'घरचेच तर काम!' असे म्हणून ती सोडून देतात. पण धंदा वाढून उद्या तळणीपुढे दुसरी बाई उभी करायची वेळ आली, तर तिला पगार द्यावाच लागेल. तो भावात धरलेला नसेल, तर वाढलेला धंदाच बुडवील.

ऐंशी रुपयांचे पापड

याउलट उदाहरण मुंबईतच आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात गुजराती गृहिणी पापड लाटायला बसल्या. भांडवल ८० रुपये, तेही उसने. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे झाली. पुढे 'लिज्जत' म्हणून घरोघरी पोचले ते हेच पापड. देणग्या घ्यायच्या नाहीत, असे त्यांनी पहिल्यापासूनच ठरवले होते, आणि हिशेब चोख ठेवायचा, असे त्यांना पैसे देणारे छगनलाल पारेख यांनी बजावले होते. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी खाट आणि शेगडी घेतली. खाटेवर पापड, खाली शेगडी. काम सुरू राहिले. लाटणाऱ्या बहिणीला तिने लाटलेल्या पापडांच्या वजनावर लाटणावळ मिळते. म्हणजे श्रमाची किंमत आधी, नफ्याची गोष्ट नंतर. ज्याला लहान धंद्याचा धडा हवा, त्याला एवढे पुरे आहे.

उधारी आणि कागदपत्रे

ओळखीच्या माणसाला 'नाही' म्हणता येत नाही, हा आपल्या मध्यमवर्गीयांचा मोठाच दुर्गुण. उधारी द्यायचीच, तर कुणाला, किती आणि किती दिवस, हे आधी ठरवावे. तुमचे गिऱ्हाईक एखादी कंपनी असेल आणि तुम्ही माल बनवून किंवा सेवा पुरवून देत असाल, तर कायदा तुमच्या बाजूस आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे लहान उद्योगाचे पैसे करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. न दिल्यास व्याज लागते. त्यासाठी 'उद्यम' नोंदणी आधीच केलेली बरी. १ जुलै २०२० पासून ती सरकारी संकेतस्थळावर होते आणि तिला एक पैसाही पडत नाही. तिच्यासाठी हजार-दोन हजार मागणारा कुणी भेटला, तर त्याला दुरूनच नमस्कार करावा.

खाद्यपदार्थ विकायचे असतील, तर घरच्या स्वयंपाकघरात केले तरी अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. भांडवल कमी पडत असेल, तर २०१५ मध्ये सुरू झालेल्या मुद्रा योजनेत ५०,००० रुपयांपर्यंतचे 'शिशु' कर्ज तारणाशिवाय मिळू शकते. पण कर्जाचा पैसा यंत्राला आणि मालाला. घरच्या रंगकामाला नव्हे. गल्ल्याचा नियम इथेही तोच.

आणि शेवटची गोष्ट, जी मी केली नाही. किती पैसे गेले म्हणजे थांबायचे, तो आकडा धंदा सुरू करण्यापूर्वीच नवरा-बायकोने मिळून ठरवावा आणि वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा. बुडत असताना माणसाला आकडे दिसत नाहीत. 'पुढचा हंगाम' तेवढा दिसतो. आमच्या वहीत तो आकडा असता, तर बांगड्यांवर हात पडला नसता.

आज आमच्या मुलाचे स्वतःचे छोटे छपाईचे काम आहे. दर महिन्याच्या एक तारखेला तो स्वतःचा पगार घेतो आणि त्यातून घरखर्चाचे पैसे आईच्या हातात ठेवतो. लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे नवी वही येते. पण तिच्याखाली गेल्या वर्षीची भरलेली वही ठेवायची, असा सौ.ने दंडक घातला आहे. ती आधी जुनी उघडते, शेवटच्या पानावरची बेरीज वाचते आणि मगच नवीवर कुंकू लावते. तुमच्या घरी या दिवाळीत धंद्याचा बेत निघाला, तर जरूर रंगू द्या. फक्त हिशेबाचा प्रश्न आजीने विचारण्यापूर्वी तुम्हीच विचारा.