अमावास्येची माउली

आश्विन वद्य अमावास्येची सायंकाळ. आपल्या महाराष्ट्रात घरोघरी चौरंगावर लक्ष्मीची स्थापना होते, लाह्या-बत्ताशांचा नैवेद्य दाखविला जातो, व्यापारी वहीपूजन करतात आणि उंबरठ्यापासून तुळशीवृंदावनापर्यंत पणत्यांची ओळ तेवू लागते. त्याच रात्री, ऐन निशीथकाली, वंगदेशात एका वेगळ्याच देवतेची महापूजा चाललेली असते. बंगाली कुटुंबे लक्ष्मीपूजन मुख्यत्वे कोजागरीच्या पौर्णिमेस करतात; ही अमावास्या त्यांनी राखून ठेवली आहे ती कालीमातेसाठी. तिथी एकच, परंतु इकडे सुवर्णकांती कमला, तर तिकडे मेघासारखी काळी, मुक्तकेशी, मुंडमालाधारिणी काली!

हे रूप पाहून आपल्याकडील भाविक मनात दचकतो. 'दैवत उग्र आहे, तसबीर घरात ठेवू नये,' असे पुष्कळदा कानी पडते. प्रस्तुत लेखकानेही एके काळी तसेच सांगितले होते. त्याची रुखरुख आजही मनातून गेलेली नाही.

चाळीस वर्षे होत आली. नवरात्रात एका खेड्यात कीर्तनासाठी गेलो होतो. आरती झाली, मंडळी पांगली, तेव्हा एक वृद्ध बाई पदराखाली काही झाकून पुढे आल्या. फडक्यात गुंडाळलेली कालीची तसबीर होती. त्यांचा मुलगा कलकत्त्यास नोकरीला होता; त्याने ती आईसाठी आणली होती. पुढे दोन वर्षांतच तो आजारपणात गेला. शेजारीपाजारी म्हणू लागले, "त्या काळ्या देवीनेच नेला." बाईंनी मला विचारले, "बुवा, हिला घरात ठेवू, की पाण्यात सोडू? त्याच्या हातची एवढी एकच वस्तू राहिली आहे."

मी तरुण होतो. व्याकरण शिकलो होतो, चार स्तोत्रे मुखोद्गत होती. तेवढ्यालाच विद्वत्ता समजत होतो. क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "आजी, दैवत उग्र आहे. विसर्जन करा." दुसऱ्या दिवशी पहाटे नदीवर स्नानास गेलो, तो त्या घाटाच्या पायरीवर बसलेल्या दिसल्या. हात रिकामे होते.

त्या माउलीस तेव्हा जे सांगावयास हवे होते, ते आज वाचकांपुढे मांडतो.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की काली हे नाव कोणा आडरानातल्या मांत्रिकाने निर्माण केलेले नाही. मुंडकोपनिषदात अग्नीच्या सात जिव्हा सांगितल्या आहेत. त्यांतील पहिलीचे नाव काली आणि दुसरीचे कराली. आपण जी आहुती देतो ती देवांपर्यंत पोहोचविणारी ही जिव्हा. महाभारताच्या सौप्तिक पर्वात अश्वत्थामा निजलेल्या वीरांचा संहार करतो, त्या वेळी मरणाऱ्यांना कृष्णवर्णा, हाती पाश घेतलेली कालरात्री दिसते. ती तेथे कोणाचा सूड घेण्यास आलेली नाही. ज्यांचा काळ भरला त्यांना घेऊन जाण्यास आली आहे.

सप्तशती तर आपल्या घराघरांत वाचली जाते. मार्कंडेय पुराणातील या तेरा अध्यायांच्या ग्रंथात पाचव्या अध्यायी पार्वतीच्या देहकोशातून कौशिकी प्रकटते, आणि मागे राहिलेली पार्वती कृष्णवर्ण होऊन कालिका म्हणून ओळखली जाते. म्हणजे गोरी आणि काळी या दोन देवता नव्हेत. एकाच मातेची ती दोन रूपे आहेत. सातव्या अध्यायात चंड-मुंड चालून येतात, तेव्हा क्रोधाने अंबिकेचे मुख काळवंडते आणि तिच्या ललाटातून काली प्रकट होते. त्या दोघांची मस्तके आणून दिल्यावर तिला चामुंडा हे नाव मिळते.

आठव्या अध्यायातला रक्तबीज कीर्तनकाराला फार जवळचा. त्याच्या रक्ताचा थेंब भूमीवर पडला की तेथून तसाच नवा असुर उभा राहतो. शस्त्राने तो मरेना. अखेर कालीने मुख पसरून प्रत्येक थेंब वरच्या वर झेलला, तेव्हा त्याचा अंत झाला. हा रक्तबीज बाहेर कोठे शोधावयाचा? आपली वासना हाच तो. एक इच्छा पुरी करावी तो तिच्यातून दहा उगवतात. भूमीवर पडण्यापूर्वीच तिला गिळून टाकील अशी शक्ती लागते. कालीची लांब जिव्हा या कथेतली आहे. ती भक्ताच्या रक्तासाठी लपलपत नाही.

पुराणांनी कथा सांगितली, तंत्रशास्त्राने तिचा अर्थ उकलला. महानिर्वाणतंत्रात शिव पार्वतीस सांगतात, त्याचा आशय असा : महाकाल सर्व भूतांना ग्रासतो आणि त्या महाकालालाही जी ग्रासते ती काली. वर्णाविषयी तेथे म्हटले आहे की श्वेत, पीत आदी सर्व रंग जसे काळ्या रंगात लीन होतात, तशी सर्व भूते तिच्यात लीन होतात. काळेपणा हा येथे अमंगळाचा रंग नसून सर्वांना पोटात घेणाऱ्याचा रंग आहे.

आता तिचे ध्यान पाहावे. कालीला चार हात आहेत. डाव्या बाजूच्या वरच्या हातात खड्ग आहे आणि खालच्या हातात छिन्न मस्तक. खड्ग हे ज्ञानाचे, मस्तक हे अहंकाराचे. उजव्या बाजूचे दोन्ही हात मात्र रिकामे आहेत. एक अभय देतो, दुसरा वर देतो. भयभीत माणसाची दृष्टी डाव्या हातांवरच खिळते आणि उजवीकडे वळतच नाही, हे आपले दुर्दैव! गळ्यातील माळेत पन्नास मुंडे असतात. ती अकारापासून क्षकारापर्यंतची पन्नास अक्षरे. ज्या वर्णांतून सारी नामरूपे उमटली, ते वर्ण प्रलयकाली तिने पुन्हा आपल्या कंठी घेतले आहेत. कटीला छिन्न हातांची मेखला आहे. कर्म हातांनी घडते म्हणून जीवांची कर्मे तिच्याच आश्रयाला आहेत. मोकळे केस आणि दिगंबर देह सांगतात की मायेचे कोणतेही बंधन वा आवरण तिला नाही. तीन नेत्र म्हणजे सूर्य, चंद्र आणि अग्नी. तिचा वास स्मशानात आहे. परंतु साधकाचे स्मशान म्हणजे जेथे सर्व वासना जळून गेल्या आहेत असे त्याचे हृदय. चरणांखाली शुभ्र शिव निश्चल पडले आहेत; कारण शक्तीवाचून शिव हा केवळ शव होय.

आज घरोघरी दिसणारे दक्षिणाकालीचे रूप प्रचारात कसे आले, याची बंगालमध्ये एक गोड दंतकथा आहे. नवद्वीपास कृष्णानंद आगमवागीश नावाचे महापंडित होऊन गेले; 'तंत्रसार' हा ग्रंथ त्यांचाच. मातेची मूर्ती कशी घडवावी, हे त्यांना उमगेना. स्वप्नात आज्ञा झाली, 'पहाटे जी स्त्री प्रथम दृष्टीस पडेल, तेच माझे रूप जाण.' उजाडता उजाडता ते बाहेर पडले, तो एक काळीसावळी स्त्री उजवा पाय पुढे टाकून भिंतीवर गोवऱ्या थापीत होती. केस सुटलेले, एक हात शेणाचा गोळा घेऊन वर उचललेला. परपुरुष समोर पाहताच लाजेने तिने जीभ चावली. पंडितांनी तेथेच हात जोडले. विद्वान मंडळी त्या जिभेचा आणखीही अर्थ सांगतात : लाल जीभ हा रजोगुण, आणि शुभ्र दातांच्या सत्त्वगुणाने तो आवरून धरला आहे. मला मात्र दंतकथाच अधिक भावते. तंत्राच्या एवढ्या मोठ्या पंडिताला जगन्माता भेटली ती गोवऱ्या थापणाऱ्या बाईच्या रूपाने! अशी आई आपल्या घरी परकी कशी?

या आईला आई म्हणूनच हाक मारण्याचा मार्ग अठराव्या शतकात रामप्रसाद सेनांनी आपल्या पदांतून रुळविला. ते तिच्याशी भांडतात, रुसतात, तिला बोल लावतात. पुढे राणी रासमणीने गंगातीरी दक्षिणेश्वरास मंदिर उभारले. ३१ मे १८५५ रोजी तेथे भवतारिणी कालीची प्रतिष्ठापना झाली. श्रीरामकृष्ण तेथले पुजारी झाले. भैरवी ब्राह्मणीच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी तंत्रोक्त साधना केल्या, परंतु त्या सर्वांत त्यांचा भाव मुलाचा राहिला. माता काळी का, यावर त्यांचे उत्तर लहान मुलालाही समजेल असे होते. दुरून आकाश निळे दिसते, जवळ गेल्यास त्याला रंग नसतो. समुद्राचे पाणी ओंजळीत घेतले की निळेपणा उरत नाही. तशी माता दूर असते तोवर काळी.

येथे एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. तंत्राचे नाव घेऊन करणी, मूठ, भानामती यांचे भय घालणारे आणि त्या भयावर पोट भरणारे लोक आजही आहेत. त्यांचा आणि या शास्त्राचा काडीइतका संबंध नाही. कुलार्णवतंत्र हा कौलमार्गाचाच ग्रंथ. पण मद्य प्यायल्याने सिद्धी मिळती तर सारे मद्यपी सिद्ध झाले असते, असा त्याने रोकडा सवाल केला आहे. पशुभाव सोडून दिव्यभावाकडे जाणे, हीच तंत्राची वाट. जो भय दाखवून पैसा मागतो तो साधक नव्हे. नरबळी व जादूटोण्याविरुद्ध महाराष्ट्राने २०१३ साली कायदा केला; त्यात खऱ्या उपासकाने वाईट वाटून घेण्यासारखे काही नाही.

मी पंढरपूरचा. विटेवरचे काळे पाषाणरूप पाहत लहानाचा मोठा झालो. काळ्या विठ्ठलाला आम्ही माउली म्हणतो, त्याच्या काळेपणावर जीव ओवाळून टाकतो. आणि जी साक्षात आई, तिच्या काळ्या रंगाला मात्र भितो! बंगालमधील वैष्णवही सांगतात की राधेची लाज राखण्यासाठी कृष्णानेच एकदा कालीचे रूप घेतले होते. मग भेद उरला कोठे?

त्या वृद्ध बाईंना मी सांगावयास हवे होते : "आजी, तुमचा मुलगा देवीने रागाने नेला नाही. आजार आला, काळ आला; तो राजालाही येतो. काळाने ज्याला नेले, तो काळाच्याही आईच्या कुशीत आहे. तसबीर देव्हाऱ्यात ठेवा, मुलाच्या आठवणीने तिच्यापुढे दिवा लावा. तिचा उजवा हात पाहा, तो अभयाचा आहे." हे सांगणे मला तेव्हा जमले नाही. त्या आता नाहीत. नदीने ती तसबीर केव्हाच आपल्या पोटात घेतली.

म्हणून यंदा लक्ष्मीपूजन झाल्यावर, घरातली मुले निजल्यावर, एक पणती क्षणभर त्या काळ्या आभाळाकडे पाहून लावावी. ज्यांच्या घरी वर्षभरात कोणी गेले असेल, त्यांनी तर अवश्य लावावी. ज्या अंधारात ती पणती शोभते, तो अंधारही आईच आहे.

ती जगन्माता सर्वांना अभय देवो.