जुन्या लष्करी ट्रकवर दुसरी बॉडी चढवताना

अमेरिकी लष्कराच्या ताफ्यातून निवृत्त झालेले ट्रक लिलावात विकले जातात आणि हौशी मंडळी त्यांचे फिरते घर किंवा कार्यशाळा करतात. या छंदातील एक आवडता प्रयोग म्हणजे एका ट्रकची बॉडी उतरवून दुसऱ्याच्या चासीवर चढवणे. वरकरणी हे काम क्रेनचे आणि चार बोल्टचे वाटते. प्रत्यक्षात त्याचे यशापयश क्रेन येण्यापूर्वीच, मोजमापे घेताना ठरते.

अडीच टनी 'एम ३५'च्या चासीवर बांधलेली 'एम १०९' ही बंद पोलादी कार्यशाळा या कामासाठी अनेकांना हवी असते. आत उभे राहून वावरता येते आणि बांधणी भक्कम आहे. मात्र खालचा ट्रक १९५०च्या सुमाराच्या आराखड्याचा. 'एम ३५ ए२'चे इंजिन जेमतेम १४० अश्वशक्तीचे आणि गिअर हाताने बदलायचे. १९८०च्या दशकात सेवेत आलेल्या पाच टनी 'एम ९२३'ला २४० अश्वशक्तीचे कमिन्स इंजिन, स्वयंचलित गिअरबॉक्स आणि पूर्ण एअर ब्रेक आहेत. म्हणून पहिल्याची पेटी दुसऱ्याच्या चासीवर बसवण्याचा विचार पुढे येतो.

लांबीची अडचण सहसा येत नाही. 'एम ३५'चा हौदा १२ फुटी, तर 'एम ९२३'चा १४ फुटी असतो. खरा प्रश्न चासीच्या स्वभावाचा आहे. खडबडीत जमिनीवर चारही बाजूंची चाके टेकलेली राहावीत म्हणून शिडीसारखी चासी मुद्दाम पिळवटू दिली जाते. बंद पेटी मात्र पिळवटत नाही. दोन्ही घट्ट जखडल्यास पेटीचे सांधे फाटतात किंवा चासीला तडा जातो. त्यामुळे पेटीखाली स्वतंत्र उपचौकट करून ती मागे पक्की आणि पुढे स्प्रिंगच्या बोल्टवर बसवतात किंवा तीन बिंदूंवर टेकवतात. चासीच्या वरच्या-खालच्या पट्ट्यांना नवी भोके पाडणे व वेल्डिंग करणे टाळावे.

दुसरा प्रश्न उंचीचा. 'एम ९२३'च्या ए१ व ए२ आवृत्त्यांचे १४ बाय २० मापाचे टायर दणक्यासरशी वर उचलले जातात. पेटीचा तळ त्यांना लागता कामा नये. त्यासाठी पेटी उचलली, की एकूण उंची वाढते. अमेरिकेतील बहुतेक राज्यांत वाहनाची उंची १३ फूट ६ इंच ते १४ फुटांपर्यंतच चालते. टायरची हवा, पेटीवरील वायुवीजनाची झडप, सौरपट्ट्या हे सारे हिशेबात धरून उंची काढावी.

उंचीबरोबर गुरुत्वमध्यही वर जातो आणि इथे प्रश्न जिवाचा होतो. ओल्या रस्त्यावर ब्रेक लावताना चाके जखडून 'एम ९३९' मालिकेचे ट्रक घसरण्याचे व उलटण्याचे अपघात घडले होते. १९९९मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने त्यांचा आढावा घेतला. लष्कराने वेगमर्यादा ताशी ४० मैल केली आणि एबीएस व रेडियल टायर बसवण्याचे ठरवले. लिलावातून घेतलेल्या ट्रकवर हे बदल झालेले आहेत की नाहीत, हे बॉडीचा विचार करण्यापूर्वीच तपासायला हवे.

दोन्ही ट्रकची विद्युतप्रणाली २४ व्होल्टची असल्याने दिव्यांची जुळणी सोपी जाते. इंधनाची टाकी, बॅटऱ्या व हवेच्या टाक्या यांच्यापर्यंत मात्र पेटी बसल्यावरही हात पोहोचला पाहिजे. पुढच्या व मागच्या आसांवर किती भार पडतो, हे काट्यावर तोलून पाहावे; पाण्याची टाकी व अवजारांच्या जागा त्यावरूनच ठरवाव्यात.

अखेरचा भाग कागदपत्रांचा. वाहनाची ओळख चासीच्या क्रमांकावरून ठरते, पेटीवरून नव्हे. त्यामुळे ज्या ट्रकची चासी वापरायची, त्याचाच 'एसएफ ९७' दाखला आधी मिळवावा आणि बदललेल्या बॉडीची नोंदणी आपल्या राज्यात होते का, हे विचारून घ्यावे. नाहीतर महिनोन्महिने खपून उभा केलेला ट्रक अंगणातच राहील.