कर्मवीरांच्या नावे एक दिन : भूमिहक्क दिन

दिवंगत नेत्याच्या नावे शासकीय दिन जाहीर होतो, म्हणजे शासन निर्णय निघतो, सामान्य प्रशासन विभागाच्या परिपत्रकात तारखेची नोंद होते आणि कार्यालयांतून प्रतिमेस पुष्पहार अर्पण केला जातो. एवढ्यावरच थांबले, तर हार उरतो आणि विचार विस्मृतीत जातो. ज्या दिनास कार्याचे नाव लाभते, तो मात्र लोकजीवनात रुजतो. वसंतराव नाईक यांची १ जुलै ही जयंती 'कृषी दिन' झाली. राजर्षी शाहू महाराजांची २६ जून ही जयंती 'सामाजिक न्याय दिन' झाली. बाबासाहेबांच्या शाळाप्रवेशाचा ७ नोव्हेंबर हा दिवस २०१७ पासून 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो.

याच न्यायाने कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांची १५ ऑक्टोबर ही जयंती 'भूमिहक्क दिन' व्हावी, असे आम्हांस वाटते.

दिंडोरी तालुक्यातील आंबे या गावी १९०२ साली जन्मलेल्या दादासाहेबांनी १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहाची धुरा वाहिली. पुढे ते मुंबई विधानसभेत, १९५७ ते १९६२ लोकसभेत आणि त्यानंतर १९६८ पर्यंत राज्यसभेत होते. परंतु त्यांचे खरे सभागृह भूमिहीनांची वस्ती हेच होते. पडीक जमीन कसणाऱ्याच्या नावे व्हावी, यासाठी डिसेंबर १९६४ मध्ये त्यांनी देशव्यापी भूमिसत्याग्रह उभारला. मंदिराच्या दारापाशी सुरू झालेला लढा शेताच्या बांधापर्यंत नेणारा हा नेता २९ डिसेंबर १९७१ रोजी निवर्तला.

त्यांच्या नावे २००४ पासून सबलीकरण व स्वाभिमान योजना आहे. दारिद्र्यरेषेखालील भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबास तीमधून चार एकर जिरायती किंवा दोन एकर बागायती जमीन मिळू शकते. विधवा व परित्यक्ता भगिनींना प्राधान्य आहे. २०१८ पासून जमिनीची संपूर्ण किंमत अनुदानरूपाने दिली जाते. तथापि ठरलेल्या दराने जमीन विकणारा मिळणे कठीण, आणि तहसीलदारांचा भूमिहीन असल्याचा दाखला कसा मिळवावा, हेही अनेकांस ठाऊक नसते.

म्हणून या दिनी ग्रामसभेत तीन गोष्टींचे जाहीर वाचन व्हावे : गावात भूमिहीन कुटुंबे किती, अर्ज किती, जमीन किती जणांस मिळाली. १५ ऑक्टोबर हा डॉ. कलाम यांच्या स्मरणार्थ 'वाचन प्रेरणा दिन'ही आहे. त्यात आम्हांस विसंगती दिसत नाही. सातबारा वाचता येणे हेही वाचनच होय.

शासनाचा निर्णय होईल तेव्हा होवो. महसूल व समाजकल्याण खात्यांत सेवेत असलेल्या आमच्या माजी विद्यार्थ्यांनी त्या दिवशी आपल्या गावातील एका कुटुंबाचा अर्ज भरून दिला, तरी या दिनाचा आरंभ झाला असे आम्ही समजू.

जय भीम! नमो बुद्धाय!