ऐंशी फायटर, आठ मॅनेजर आणि एक वही

18 जानेवारी 2025, शनिवार. सकाळी उठून मोबाइल बघते तर आमच्या ग्रुपवर 63 मेसेज. कुणाचं लग्न ठरलं की काय, असं वाटून उघडलं, तर आमचा मेडिकलवाला मित्र रडत होता. त्याच्या टीममधला अर्मान त्सारुक्यान ऐन आदल्या दिवशी पाठ धरल्यामुळे लढतीतून बाहेर पडला होता. त्याच्या जागी रेनाटो मोइकानो उभा राहिला. मोइकानोची मुळात बेनेल दारियूशशी लढत ठरलेली, म्हणजे दारियूश बिचारा जोडीदाराविना घरी. आणि दारियूश कुणाच्या टीममध्ये? त्याच मेडिकलवाल्याच्या!

अमेरिकेतल्या एका माणसाची पाठ दुखते आणि माढ्यातला एक पोरगा एकाच दिवशी दोन फायटर गमावून बसतो. याला म्हणतात फँटसी एमएमए लीग. गेलं वर्षभर आम्ही आठ जण ती चालवतोय. रुपयासुद्धा न लावता. का, ते पुढे सांगते. आधी खेळ समजून घेऊ.

टीम कशी ठरते?

एमएमए म्हणजे मिक्स्ड मार्शल आर्ट्स. बॉक्सिंग, कुस्ती, जुजुत्सू, किकबॉक्सिंग सगळं एकाच पिंजऱ्यात. पाच मिनिटांचे तीन राउंड, किताबाची लढत असेल तर पाच. यातली सर्वांत मोठी कंपनी यूएफसी. तिची पहिली स्पर्धा 1993 मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हरला झाली. आता जवळजवळ दर शनिवारी कुठे ना कुठे त्यांचं कार्ड असतं. अमेरिकेत शनिवारची रात्र म्हणजे आपल्याकडे रविवारची सकाळ. चहा, पोहे आणि फायटिंग.

आमच्या लीगमध्ये प्रत्येक जण मॅनेजर. प्रत्येकाकडे दहा फायटर. पुरुषांच्या आठ वजनगटांतून प्रत्येकी एक, एक महिला फायटर आणि एक जागा मोकळी. आठ गुणिले दहा, ऐंशी फायटर. एक फायटर एकाच मॅनेजरकडे. म्हणजे मी इस्लाम मखाचेवला उचललं, की बाकी सातांसाठी तो संपला.

उचलायचा नंबर चिठ्ठ्यांवर. स्टीलच्या वाटीत आठ चिठ्ठ्या. पहिल्या फेरीत एक ते आठ, दुसऱ्या फेरीत उलटं, आठ ते एक. याला स्नेक ड्राफ्ट म्हणतात, कारण नंबर सापासारखा वळतो. ज्याला पहिला नंबर लागतो त्याला पुढचा फायटर थेट सोळाव्या नंबरला मिळतो. तोवर चांगला माल संपलेला असतो.

अमेरिकेतल्या ड्राफ्टकिंग्ससारख्या ॲपवर पद्धत वेगळी आहे. तिथे एकाच रात्रीच्या कार्डसाठी 50,000 डॉलरचं खोटं बजेट मिळतं आणि त्यात सहा फायटर बसवायचे. फेव्हरिट महाग, दुबळा स्वस्त. रात्र संपली की टीम संपली. आमची टीम जानेवारी ते डिसेंबर तीच. फायटर जखमी झाला, हरला, निवृत्त झाला, तरी तो तुमचाच. म्हणून ही मॅनेजमेंट लीग.

पॉइंटचं गणित

गुणांचा तक्ता आम्ही त्या अमेरिकी ॲपवरूनच घेतला, थोडा सोपा करून. पहिल्या राउंडमध्ये जिंकला तर 90, दुसऱ्यात 70, तिसऱ्यात 45. पंचांच्या निर्णयावर जिंकला तर 30. प्रतिस्पर्ध्याला खाली आपटलं, म्हणजे टेकडाउन, की 5. ठोशाने खाली पाडलं तर 10. साठ सेकंदांच्या आत निकाल लावला तर वर 25 बोनस. हरलेल्यालाही टेकडाउनचे गुण मिळतात. ॲपवर प्रत्येक ठोशाचेही दशांशात गुण असतात, पण ते मोजत बसायला आम्ही काही कॉम्प्युटर नाही.

यातून एक गंमत कळते. नॉकआउट करणारा फायटर दिसायला भारी, पण तो वर्षातून किती वेळा लढतो? एमएमएत बहुतेक जण वर्षाला दोन-तीनदाच पिंजऱ्यात उतरतात. लीगचं खरं गणित तिथे आहे.

झेरॉक्सवाल्या मित्राला पहिला नंबर लागला. त्याने हेवीवेटचा चॅम्पियन जॉन जोन्स उचलला. टाळ्या पडल्या. माझ्याकडे टॉम ॲस्पिनॉल होता. मार्चमध्ये मी म्हटलं, अदलाबदल करू. तो म्हणाला, "येडी झालीस का?" जूनमध्ये जोन्स एकही लढत न करता निवृत्त झाला आणि ॲस्पिनॉल चॅम्पियन ठरला. मी आठवडाभर त्याला चिडवलं. मग 25 ऑक्टोबरला, दिवाळी नुकतीच सरलेली, सगळे घरी, अबू धाबीत ॲस्पिनॉल सिरिल गॅनविरुद्ध उतरला. पहिल्याच राउंडमध्ये गॅनचं बोट डोळ्यात गेलं, लढत थांबली, निकाल 'नो कॉन्टेस्ट'. गुण शून्य. वर्षभराची दोघांची मिळून कमाई: भोपळा.

आणि पैलवान? आमच्यातला एकच खरा पैलवान, तालमीत जाणारा. त्याने तिसऱ्या फेरीत जॉर्जियाचा मेराब द्वालिश्विली घेतला. कुणी विचारलं का, तर म्हणाला, "ह्यो पोरगा पट काढतोय बघ. दमत न्हाय." मेराब 2025 मध्ये किताबासाठी चार वेळा लढला. जानेवारीत, जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये जिंकला, डिसेंबरमध्ये प्योत्र यानकडून हरला. ऑक्टोबरच्या एका लढतीत डझनाहून जास्त टेकडाउन. वहीत नुसते पाच-पाच-पाच लिहून हात दुखला. पैलवान पहिला आला.

यात्रा कमिटीच की ही!

हे सगळं परदेशी वाटत असेल, तर आपल्याकडची यात्रा आठवा. गावच्या फडात कुस्त्या जोडणारी कमिटी काय करते? कोण कुणाला तोडीस तोड, कुणाचा गुडघा दुखतोय, कुणाला किती इनाम, शेवटची कुस्ती कुणाची. यूएफसीत हेच काम करणाऱ्याला मॅचमेकर म्हणतात. वजनात न बसणाऱ्या फायटरच्या मानधनातला काही टक्के वाटा कापून समोरच्याला देतात. आमच्या लीगमध्ये अशा फायटरचे गुण निम्मे.

पैलवानांच्या टीम आपल्याकडेही झाल्यात. 2018 मध्ये 'महाराष्ट्र कुस्ती दंगल' लीग झाली, तेव्हा आपल्या करमाळ्याच्या जेऊरचे नागराज मंजुळे 'वीर मराठवाडा'चे मालक होते.

आम्ही फेब्रुवारी 2025 मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीवरही छोटी लीग लावली. सगळ्यांनी आपल्या सोलापूरचा महेंद्र गायकवाड धरला. सगळ्यांची टीम सारखीच, मग लीग कसली? शेवटी पृथ्वीराज मोहोळ जिंकला. त्या स्पर्धेत पंचांच्या निर्णयांवरून जो राडा झाला, शिवराज राक्षेवर आणि महेंद्रवर तीन वर्षांची बंदी आली, तो आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलाय. तेव्हाच एक नियम वहीत लिहिला: पंचाने दिला तो निकाल. आपण वर भांडायचं नाही.

एकोणीस सेकंद

9 फेब्रुवारी 2025 हा दिवस मात्र मी विसरणार नाही. सिडनीत अंशुल जुबली लढणार होता. उत्तराखंडचा हा पोरगा 2023 मध्ये 'रोड टू यूएफसी' जिंकून आत गेलेला. तो माझ्या चुलतभावाच्या टीममध्ये होता, पण ओरडत होतो आम्ही आठही जण. समोर क्विलन साल्किल्ड नावाचा नवखा ऑस्ट्रेलियन, कुणाच्याच टीममध्ये नसलेला. घंटा वाजली, 19 सेकंद, आणि अंशुल खाली.

क्षणभर शांतता. मग कुणीतरी हिशेब केला. पहिल्या राउंडचे 90, झटपटचे 25. एकशे पंधरा गुण असेच पडलेले! मोकळा फायटर जो आधी ग्रुपवर मागेल त्याचा. पाच जणांनी एकदम टाइप केलं. त्यात मीही होते. अंशुल अजून नीट उभाही राहिला नव्हता.

पैलवानाने एकच मेसेज टाकला: "आरं, माणूस पडलाय तिथं."

त्याचा चुलता एकदा मानेवर पडून सहा महिने अंथरुणाला होता, हे मला नंतर कळलं. त्या दिवसापासून नियम: लढतीनंतर चोवीस तास कुणीही नवा फायटर मागायचा नाही. छोटा नियम आहे. पण माझ्या दहा नावांतली माणसं मला त्यानंतरच दिसायला लागली. 2017 मध्ये शांघायला यूएफसीत उतरलेला पहिला भारतीय भरत कंदारे आपल्या महाराष्ट्राचा. पहिल्याच राउंडमध्ये हरला. वहीच्या हिशेबात शून्य. माझी महिला फायटर पूजा तोमर, जून 2024 मध्ये यूएफसीत जिंकणारी पहिली भारतीय महिला. मार्चमध्ये लंडनला दुसऱ्या राउंडमध्ये आर्मबारवर हरली. मला दोनदा ऑफर आली, सोडून दे. सोडली नाही. हिशेबाने चूकच होती.

पैसे का नाहीत?

आता खरं कारण. ही लीग काढली माझ्या चुलतभावाने. 2024 च्या आयपीएलमध्ये तो एका फँटसी ॲपवर रोज टीम लावायचा. आधी 49 रुपये. मग कॉलेजची फी. मग काकांनी ठेवायला दिलेली कांद्याची पट्टी. बेचाळीस हजार गेले. काकू आठ दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत.

सहा महिन्यांनी तो मला म्हणाला, "ताई, टीम लावायची सवय सुटत नाही. पैसे काढून टाकले तर?" काकूंना वाटलं, पुन्हा तेच थेर. मलाही भीती होतीच.

फरक कुठे आहे हे वर्षभर बघितल्यावर कळलं. ॲपवर रोज संध्याकाळी नवी मॅच, नवी टीम आणि कालचं नुकसान आज भरून काढायची संधी. आमच्या लीगमध्ये तसं करताच येत नाही. जानेवारीत चुकलात तर डिसेंबरपर्यंत चुकलेलेच. हरल्याची घाई करायला जागाच नाही.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. 22 ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून पैसे जिंकायचा कुठलाही ऑनलाइन गेम बंद, मग तो कौशल्याचा असो की नशिबाचा. असा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. टीम इंडियाच्या जर्सीवरचं ड्रीम11 चं नावही गेलं. भावाला मात्र परदेशी ॲपच्या लिंक अजून येतात. कायद्याने दुकान बंद होतं, सवय बंद करायला आणखी काहीतरी लागतं.

तुम्हालाही काढायचीय?

- आठ जण पुरे. बारापेक्षा जास्त झाले की ड्राफ्ट संपत नाही.
- नियम ड्राफ्टच्या आधी लिहा: वजन चुकलं, लढत रद्द झाली, नो कॉन्टेस्ट, निवृत्ती. नंतर लिहिले की भांडण ठरलेलं.
- फायटर निवडताना विचारा, हा वर्षातून किती वेळा लढतो? कुस्ती येते का?
- अदलाबदलीला शेवटची तारीख ठेवा. आमची 30 सप्टेंबर.
- हिशेब एकाच माणसाकडे, आणि वहीत. फोन बदलतो, वही राहते.
- पैसे नाहीत म्हणजे नाहीत. 'फक्त दहा रुपये मजा म्हणून' हेसुद्धा नाही.

आमच्याकडे शिक्षा एकच. जो शेवटचा येईल त्याच्या रानात हुरडा. यंदा तो मान झेरॉक्सवाल्याचा. गोवऱ्यांच्या आगटीभोवती बसून नव्या वर्षाचा ड्राफ्ट झाला. मला सहावा नंबर लागला. पैलवानाला आठवा, तरी तोच हसत होता.

वही भावाकडेच असते. ज्वारीची कणसं भाजेपर्यंत मी ती चाळत होते. मागच्या पानावर पेन्सिलीने वेगळाच हिशेब दिसला. जानेवारीपासून एकेक दिवस, उभ्या रेघा. मे महिन्यात एका ठिकाणी रेघा थांबल्यात आणि तिथे लिहिलंय, '500 टाकले. गेले.' खाली पुन्हा एकपासून सुरुवात. शेवटची रेघ कालची होती.

मी काही विचारलं नाही. त्याने वही माझ्या हातून घेतली, नवं पान उघडलं आणि म्हणाला, "ताई, तुझा नंबर. बोल लवकर."