वचनाचा पत्ता चुकू नये म्हणून



मागच्या पावसाळ्यात धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावर दफनविधीला गेले होते. घरातला तरुण मुलगा गेला होता. आईने एकच मागणी केली, मेंढपाळाचे स्तोत्र वाचा. वाचणाऱ्या मुलाच्या हातात आमच्याच वहीतून उतरवलेली चिठ्ठी होती, ‘स्तोत्र 22’. त्याने मराठी पवित्र शास्त्र उघडले आणि वाचू लागला. ते स्तोत्र सुरू होते देवाने आपल्याला का टाकले या आक्रोशाने. आई मटकन खाली बसली. शेवटी एका म्हाताऱ्या मावशींनी पावरी बोलीत खरे स्तोत्र तोंडपाठ म्हटले, तेव्हा लोक सावरले.

चूक त्या मुलाची नव्हती. ती नोंद एका जुन्या कॅथलिक प्रार्थनापुस्तकावरून वहीत आली होती, आणि तिथे मेंढपाळाचे स्तोत्र 22 वेच असते. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात ते 23 वे आहे. हे असे का होते आणि आता आम्ही वह्या कशा लावतो, ते थोडक्यात सांगते.

अध्याय आणि वचनांचे आकडे मूळ लेखकांनी घातलेले नाहीत. आजची अध्यायांची विभागणी 13 व्या शतकाच्या सुरुवातीची असून ती स्टीफन लँग्टन यांच्या नावाने ओळखली जाते. नव्या करारातील वचनांचे आकडे रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने 1551 मध्ये ग्रीक आवृत्तीत छापले. म्हणजे आकडा हा घराच्या दारावरचा नंबर आहे. घर तेच, पण नंबर लावणारे वेगवेगळे.

फरक कुठे पडतो? जुन्या ग्रीक भाषांतरात 9 वे आणि 10 वे स्तोत्र एकच धरले आहे. त्यामुळे तिथून पुढे बहुतेक स्तोत्रांचा क्रमांक एकने मागे पडतो आणि 148 व्या स्तोत्रापासून पुन्हा जुळतो. जुनी लॅटिन पुस्तके याच क्रमाने चालतात. हिब्रू शास्त्रात स्तोत्राच्या मथळ्यालाही वचनाचा आकडा मिळतो, म्हणून 51 व्या स्तोत्रातले आपले 10 वे वचन तिथे 12 वे असते. मलाखीचे आपल्याकडे चार अध्याय आहेत, हिब्रूत तीनच. योएलचे उलट आहे, आपल्याकडे तीन आणि हिब्रूत चार. मजकूर मात्र तोच.

आमच्या वह्यांत पाड्यांवरचे वडीलधारे पावरीत आणि भिलीत म्हणतात ती वचने तरुण मुलांनी उतरवून घेतली आहेत. त्या दिवसानंतर आम्ही चार नियम केले.

पहिला, नुसता आकडा लिहायचा नाही. पुस्तक, अध्याय, वचन आणि कोणत्या भाषांतराचा क्रम, हे चारही लिहायचे. शेजारी वचनाचे पहिले दोन शब्दही लिहायचे, म्हणजे आकडा चुकला तरी वाचणारा थांबेल.

दुसरा, सर्व बोलींसाठी एकच क्रम पायाभूत मानायचा. आम्ही मराठी शास्त्राचा मानला. बोलीत कधी दोन वचनांचा अर्थ एकत्रच सांगावा लागतो. तेव्हा ओढूनताणून तुकडे न करता ‘3–4’ असे लिहायचे.

तिसरा, एका पत्त्याखाली सगळी रूपे ठेवायची, खोडायची नाहीत. यशया 1:18 मध्ये बर्फाची उपमा आहे. सातपुड्यातल्या आमच्या आजींनी बर्फ कुठे पाहिला? एका पाड्यावर ‘दुधासारखे’ म्हणतात, दुसऱ्यावर ‘कापसासारखे’. दोन्ही शेजारी असली तरच मंडळी एकत्र बसून विचार करू शकते. प्रत्येक रूपासमोर गाव, बोली आणि महिना लिहायचा.

चौथा, हक्काचा विचार करायचा. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले मराठी भाषांतर 1924 मध्ये प्रसिद्ध झाले. त्या 1922 मध्येच प्रभूकडे गेल्या होत्या. आपल्या कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतो, म्हणून ते मोकळेपणाने वापरता येते. अलीकडच्या भाषांतरांचे हक्क प्रकाशकांकडे असतात. त्यांतला मोठा मजकूर छापायचा तर आधी लेखी परवानगी हवी. आणि आजीने तोंडी दिलेले वचनही तिला विचारूनच घ्यायचे.

आणखी एक सूचना. काही भाषांतरांत मत्तय 17:21 किंवा प्रेषितांची कृत्ये 8:37 हे वचन तळटीपेत किंवा कंसात दिसते, कारण सर्वात जुन्या हस्तलिखितांत ते आढळत नाही. अशा वेळी पुढचे आकडे सरकवू नका. ती जागा रिकामी ठेवा.

वाचकहो, तुमच्या घरी आईवडिलांच्या हातच्या वचनांच्या वह्या असतील तर रद्दीत टाकू नका. जवळ बसून विचारा, हे कुठून घेतले, कोणत्या बोलीतले आहे, आणि पत्ता लिहून ठेवा. पावरी आणि भिलीत तोंडपाठ म्हणणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. त्या दिवशी धीर देणाऱ्या मावशींचे स्तोत्रही आमच्या वहीत तोवर उतरले नव्हते. आता उतरले आहे, योग्य पत्त्यासह.

त्या आईची प्रार्थनेत आठवण ठेवा. देव आपणांस आशीर्वाद देवो.