मामंजींनी दाखवलेले पिरॅमिड

पिरॅमिड म्हटलं की आपल्याला राजे, ममी आणि सोनं आठवतं. आम्हीही तेच मनात धरून कैरोला उतरलो होतो. पण आमच्याबरोबर मामंजी होते. बेळगावात चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. त्यांनी बांधलेल्या एकाही घरावर त्यांचं नाव नाही, आणि त्याबद्दल ते कधी बोललेही नाहीत.

पहिल्या दिवशी कैरोच्या दक्षिणेला दहशूरला गेलो. वाटेत खजुराची झाडं, हिरवीगार शेतं, आणि मग एकदम वाळवंट! मध्ये बांधसुद्धा नाही. पाऊस जवळजवळ नाहीच, त्यामुळे नाईलचं पाणी पोचतं तिथवर शेत आणि पुढे नुसती वाळू. एक पाय गवतात, दुसरा वाळूत ठेवून उभं राहता येतं.

तिथे स्नेफेरू राजाचा 'वाकडा' पिरॅमिड आहे. काळ इसवी सनापूर्वी २६०० च्या आसपासचा. खालचा चढ सुमारे ५४ अंशांचा, पण मध्यावर तो एकदम ४३ अंशांवर येतो. मामंजींनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "अय्यो! जमीन भार पेलेना वाटतं." गाईडनेही तेच सांगितलं. काम चालू असतानाच तडे जाऊ लागले, म्हणून चढ कमी केला असावा, असं अभ्यासक मानतात.

"मग पाडलं नाही?" आमच्या मुलाने विचारलं.

"पाडतात कशाला? चूक कळली की पुढच्या कामात सुधारायची," मामंजी म्हणाले. खरंच, जवळच त्याच राजाचा लाल पिरॅमिड उभा आहे. उंची सुमारे १०५ मीटर आणि चढ पहिल्यापासूनच ४३ अंशांचा. पुढे स्नेफेरूचा मुलगा खुफू याने गिझाला महापिरॅमिड बांधला. मूळ उंची सुमारे १४६ मीटर, प्रत्येक बाजू २३० मीटर. बापाच्या कामातल्या चुका मुलाच्या कामी आल्या!

दुसऱ्या दिवशी गिझा. महापिरॅमिडच्या बाहेरचा पांढऱ्या चुनखडीचा थर पुढे कैरोतल्या इमारतींसाठी काढून नेला गेला. पायथ्याशी थोडे घडीव दगड उरलेत. मामंजी तिथे वाकून सांधे निरखत राहिले. "पोस्टकार्डसुद्धा जाणार नाही बघ," मला म्हणाले. ओळंबा आणि गुण्या त्या लोकांकडेही होते, हे कळल्यावर तर ते फारच खूश झाले. आतला रस्ता अरुंद आणि चढाचा, वाकून जावं लागतं. गुडघ्यांमुळे ते बाहेरच थांबले. तुमच्याबरोबर वडीलधारी माणसं असतील तर हे आधी लक्षात घ्या. उंटावर बसण्याआधी भाडं ठरवा, आणि जायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारीत.

हे सगळं गुलामांनी बांधलं, असं आपण ऐकत आलो. पण १९९० मध्ये इथल्या वाळूत एका घोड्याचा पाय अडखळला आणि कामगारांच्या कबरी सापडल्या. राजाच्या पिरॅमिडजवळ मानाने पुरलेली माणसं! काहींची मोडलेली हाडं नीट बसवून जुळलेली होती. जवळच त्यांची वस्ती आणि पाव भाजायच्या भट्ट्याही मिळाल्या. महापिरॅमिडच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा जागी, 'खुफूचे मित्र' असं एका टोळीचं नाव रंगवलेलं आहे. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावर मेरेर नावाच्या मुकादमाची रोजनिशी सापडली. तुऱ्याच्या खाणीतून नावेने चुनखडी गिझाला कशी आणली, त्याची दिवसवार नोंद तिच्यात आहे.

"म्हणजे आमचं हजेरीपुस्तकच की!" मामंजी हसले. मग बराच वेळ गप्प बसून राहिले.

त्या रात्री हॉटेलात माझ्या नवऱ्याने, आयुष्यात पहिल्यांदाच, विचारलं, "अप्पा, तुम्ही बांधलेली घरं किती?"

"कुणी मोजलीत?"

परत आल्यावर दर रविवारी आजोबा-नातू स्कूटरवरून बाहेर पडतात. शहापूर, टिळकवाडी, वडगाव. नातवाच्या वहीत गल्ली, वर्ष, मजले आणि बरोबर काम केलेल्या माणसांची नावं लिहिली जातात. आतापर्यंत सत्तावीस घरं झाली. वही अजून चालू आहे.