घरात येतो तो पाइप

महालयाची अमावास्या जवळ आली की म्हैसूरच्या जुन्या घरांतल्या माळ्यांवरून दोन गोष्टी खाली उतरतात. पहिली, बाहुल्यांची ट्रंक. नवरात्रात इथे 'बोंबे हब्बा' असतो. विषम संख्येच्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडतात आणि त्यांत मान 'पट्टद बोंबे' या लाकडी राजाराणीच्या जोडीचा. दुसरी गोष्ट व्हॅक्यूम क्लीनर. तोही बहुतेक गेल्या दसऱ्यानंतर वर गेलेला असतो आणि आठ दिवस घरभर फिरून पुन्हा वरच जाणार असतो. म्हैसूरला स्थिरावलेल्या मराठी घरांत त्याचा मुक्काम जरा लांबतो, कारण तिथे घटस्थापना आणि दिवाळी दोन्हीची साफसफाई असते.

यंत्र माळ्यावर का जातं? माझ्या मते ते चुकीच्या कामासाठी घेतलेलं असतं म्हणून. झाडूची सुट्टी होईल या आशेने आपण ते आणतो, आणि झाडूचं काम म्हणजे फरशी. इथल्या जुन्या घरांत तांबडी ऑक्साइडची जमीन, नंतर मोझॅक, आता ग्रॅनाइट नाहीतर व्हिट्रिफाइड टाइल. असल्या गुळगुळीत जमिनीवर फुलझाडू आणि ओलं फडकं यांच्यापुढे पाइप, वायर आणि घरघर सांभाळणाऱ्या यंत्राचा निभाव लागत नाही. चार दिवसांत घरातली बाई किंवा कामाच्या मावशी पुन्हा झाडू हातात घेतात आणि त्यांचं बरोबरच असतं.

यंत्र जन्मलं ते गालिच्यांच्या देशात. ह्यूबर्ट सेसिल बूथ हा इंग्रज इंजिनिअर पूल आणि जत्रेतले प्रचंड पाळणे बांधणारा. व्हिएन्नातल्या 1897 च्या प्रसिद्ध चक्रातही त्याचा हात होता. लंडनमध्ये त्याने धूळ फुंकून उडवणाऱ्या एका यंत्राचं प्रात्यक्षिक पाहिलं. धूळ उडून पुन्हा तिथेच बसते, मग ती आत का घेऊ नये, असा त्याचा प्रश्न. सांगतात की एका हॉटेलातल्या खुर्चीवर रुमाल ठेवून त्याने तोंडाने हवा ओढून पाहिली. ठसका लागला, पण रुमालाच्या खालच्या बाजूला काळा डाग उमटला. 1901 मध्ये त्याने पेटंट घेतलं. त्याचं यंत्र घोडागाडीवर असायचं, पेट्रोलवर चालायचं आणि रस्त्यातच उभं राहायचं. खिडकीतून घरात यायचा तो फक्त लांबलचक पाइप. 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबेमधले गालिचे त्याने असेच साफ केले.

पुढे 1908 मध्ये अमेरिकेत जेम्स मरे स्पँगलर या दम्याने बेजार झालेल्या सफाई कामगाराने हाताने ढकलायच्या यंत्राचं पेटंट घेतलं आणि ते हूवर कंपनीकडे गेलं. 1921 मध्ये स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने जमिनीवरून सरकणारी नळकांडी आणि तिला लवचीक नळी असं रूप बाजारात आणलं. आपण ओळखतो ते हेच. भारतात ते घरोघरी पोचवलं युरेका फोर्ब्सने. फोर्ब्स आणि इलेक्ट्रोलक्स यांच्या भागीदारीतून 1982 मध्ये निघालेली ही कंपनी. दुकानात न विकता टाय लावलेला तरुण विक्रेता थेट घरात यायचा, 'युरोक्लीन'चा डेमो द्यायचा. आपल्याच गादीतली धूळ पाहून घरच्यांची मान खाली जायची आणि सौदा व्हायचा. त्या विक्रेत्याला एक गोष्ट नेमकी कळली होती: तो डेमो कधी नुसत्या फरशीवर देत नसे.

म्हणजे यंत्राची खरी हद्द झाडू पोचत नाही तिथून सुरू होते. गादी, सोफ्याच्या फटी, सरकत्या खिडक्यांच्या खाचा, पुस्तकांचे माथे, पंख्याची पाती, पडदे, जाळ्या. ही सगळी कामं मोटर करत नाही, पाइपच्या टोकाला लावलेलं तोंड करतं. म्हणून व्हॅक्यूम क्लीनर निवडायचा तो पाइप आणि तोंडं पाहून. मोटरचा विचार मागाहून.

यात थोडं भौतिकशास्त्र आहे. यंत्रातला पंखा आतला दाब कमी करतो आणि बाहेरची हवा धुळीला घेऊन आत घुसते. खोक्यावर 18 किंवा 20 किलोपास्कल असा आकडा असतो; 20 म्हणजे वातावरणाच्या दाबाचा साधारण पाचवा हिस्सा, सुमारे 2 मीटर पाणी वर चढवण्याइतका. पण हा आकडा पाइपचं तोंड पूर्ण बंद करून मोजलेला असतो. तेव्हा हवा वाहतच नाही, म्हणजे धूळही हलत नाही. उलट तोंड सताड उघडं ठेवलं तर हवा भरपूर वाहते, पण खाचेतला कण उपटण्याइतका जोर उरत नाही. काम होतं ते या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी, आणि ते 'कुठेतरी' ठरवतं लावलेलं तोंड.

दुसरी गोष्ट वायुवीजनाचे इंजिनिअर फार पूर्वीपासून जाणतात. पाइपमधून फुंकलेली हवा पाइपच्या व्यासाच्या तीसपट अंतरावरही आपला दहावा हिस्सा वेग राखून असते. आत ओढलेल्या हवेचा वेग मात्र एका व्यासाइतक्या अंतरावरच दहाव्या हिश्शावर येतो. दिवा फुंकून विझवता येतो, श्वास आत ओढून नाही, तसंच हे. म्हणजे 32 मिलिमीटरचा पाइप धुळीपासून तीन सेंटीमीटर दूर धरला की जवळजवळ सगळी मेहनत वाया. तोंड टेकवायलाच हवं. आणि मागच्या बाजूला पाइप जोडून ब्लोअर चालवायचा असेल तर तो गच्चीत किंवा अंगणात. बैठकीत चालवला तर एका कपाटाची धूळ घरभर वाटली जाते.

आता तोंडं. लांब चपटं तोंड सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात कामाचं. खिडकीच्या खाचा, सोफ्याच्या बैठकीमागची फट, पलंग आणि भिंतीमधली चिंचोळी जागा याच्याच. ते लावलं की मोटरचा आवाज चढतो आणि लोक घाबरतात, यंत्रावर ताण आला म्हणून. प्रत्यक्षात ढकलायला हवा कमी मिळाल्याने पंखा हलका होऊन जास्त वेगाने फिरत असतो. फार वेळ मात्र तसं चालवू नये, कारण पुष्कळ साध्या यंत्रांत तीच हवा मोटरला थंडही करते. यंत्र मध्येच बंद पडलं तर ते बहुधा तापून स्वतःला वाचवत असतं. अडथळा काढून ते निवू द्यावं.

गोल केसाळ ब्रश हा म्हैसूरच्या घराचा खरा सोबती. इथे शिसवीवर जडावकाम केलेली लाकडी वस्तू बऱ्याच घरांत असते आणि जुन्या कामातले तुकडे सैल झालेले असतात. बाहुल्यांचे जरीचे कपडे, मोत्यांच्या माळा यांचंही तेच. रामसन्स कला प्रतिष्ठानच्या 'बोंबे मने' या प्रदर्शनात दसऱ्याच्या सुमारास शेकडो बाहुल्या मांडलेल्या दिसतात, तेव्हा मला पहिल्यांदा मांडणीचं नव्हे, धूळ झटकण्याचंच कुतूहल वाटतं. जुनी वस्त्रं साफ करताना संग्रहालयांत मधे जाळी धरून मंद ओढीने काम करतात. घरी तेच करता येतं: ब्रशच्या तोंडावर मलमलीचा तुकडा रबरबँडने बांधायचा, मुठीजवळची हवेची खिडकी उघडून ओढ कमी करायची आणि ब्रश वस्तूवर टेकतो न टेकतो असा फिरवायचा. सुटलेला मणी मलमलीवर अडकतो. म्हैसूर शैलीच्या चित्रांवर गेसोचं उठावकाम आणि सोन्याचा वर्ख असतो, त्यांच्या वाटेला यंत्राने जाऊच नये. फ्रेमची कड पुसली तरी पुरे.

गादीसाठी रुंद, आखूड तोंड. ते सावकाश फिरवायचं, एका पट्ट्यावरून दोनदा. आणि फरशीच्या ब्रशला पायाने दाबायचा खटका असतो. केस बाहेर काढायचे ते कडक जमिनीसाठी, आत घ्यायचे ते गालिच्यासाठी. हे उलटं करणारी घरं पुष्कळ. हवेवर फिरणारा टर्बो ब्रश गालिचा किंवा कुत्रा असेल तरच घ्यावा.

खरेदीला गेल्यावर विक्रेता वॅट सांगतो. वॅट म्हणजे यंत्र किती वीज खातं. युरोपीय संघाने सप्टेंबर 2014 पासून 1600 आणि सप्टेंबर 2017 पासून 900 वॅटची कमाल मर्यादा घातली, आणि तिथली घरं काही घाण झाली नाहीत. आपल्याकडे 1400 वॅटचं यंत्र 230 व्होल्टवर सहा अँपियरच्या थोडी वर वीज ओढतं. साध्या प्लगची आणि स्वस्त एक्स्टेन्शन बोर्डाची ती सीमा. वायर गरम लागली तर जास्त क्षमतेचं सॉकेट शोधावं. वॅटऐवजी विचारावं ते हे: पाइप किती लांब, जोडाशी गोल फिरतो का, आणि सुटी तोंडं वेगळी मिळतात का. 32 आणि 35 मिलिमीटर ही नेहमीची मापं, पण काही कंपन्यांचा खटका स्वतःचाच असतो. ऑनलाइन तोंड मागवण्याआधी पाइपच्या टोकाचा आतला आणि बाहेरचा, दोन्ही व्यास मोजून घ्यावेत. तीन मिलिमीटरच्या फरकासाठी पायऱ्यापायऱ्यांचा रबरी जोड मिळतो, पण हवा गळणार नाही असा घट्ट बसला तरच उपयोग. जमिनीवर गरगरणाऱ्या रोबोटला पाइपच नसतो. तो चांगला नोकर आहे, पण त्याने झाडूची जागा घेतली, व्हॅक्यूमची नाही.

म्हैसूरला उदबत्तीचं गाव म्हणायला हरकत नाही, त्यामुळे एक इशारा: उदबत्तीची, धुपाची राख यंत्रात घ्यायची नाही. आत ठिणगी राहिली तर पिशवीतल्या कापसाळ धुळीत वारा घालायला पंखा तयारच असतो. रांगोळीची भुकटी, पीठ, भिंत घासल्याची पूड यांनी फिल्टर बघता बघता चोंदतो. ओलं-कोरडं दोन्ही ओढणारं यंत्र असेल तर पाण्याआधी कागदी पिशवी आणि कोरडा फिल्टर काढावा. आणि पिशवी गच्च भरण्याची वाट पाहू नये. दोन तृतीयांश भरली की ओढ मंदावलेली असते.

खंडेनवमीला, इथल्या आयुधपूजेला, वाहनांबरोबर या यंत्रालाही कुंकवाचं बोट लागतं. त्याआधी एक काम करावं. पाइपचं टोक तळहाताने बंद करून यंत्र चालू करावं आणि पाइपवर कान फिरवावा. मुठीजवळ, जिथे तो रोज वाकतो, तिथे बारीक शीळ ऐकू आली तर चीर आहे. चिकटपट्टी आठवडाभर टिकते. त्यापेक्षा मूठ काढून पाहावी. पुष्कळ पाइपांवर ती आट्यांनी बसवलेली असते. फाटलेला चार बोटांचा तुकडा धारदार सुरीने कापायचा, मूठ पुन्हा पिळून बसवायची. पाइप तेवढा आखूड होतो, बाकी काही बिघडत नाही. नंतर माळ्यावर ठेवताना त्याची घडी घालू नये. मोठ्या वेटोळ्यात, रुंद खुंटीला टांगून ठेवावा.